परी तलावाची वाट

मॉरिशसच्या नकाशावर उत्तरेकडच्या त्रिओले गावावर बोट ठेवून ते हळूहळू दक्षिणेकडे न्यावे. राजधानीचे बंदर पोर्ट लुई मागे पडते, मोकाचे डोंगर बाजूला राहतात, क्युरपीपचे पावसाळी पठार लागते आणि शेवटी साव्हान जिल्ह्यातल्या चहाच्या मळ्यांपलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, जंगलाने वेढलेले एक तळे सापडते. हे एका विझलेल्या ज्वालामुखीचे मुख. त्याचे आजचे नाव गंगा तलाव, त्याआधीचे परी तलाव आणि फ्रेंचांनी दिलेले ग्राँ बासँ. महाशिवरात्रीच्या आधीचे चार-सहा दिवस या बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसे या तळ्याकडे चालत निघतात. अंगावर पांढरे कपडे, खांद्यावर काँवर, म्हणजे आपली कावड, आणि परतताना घागरीत तळ्याचे पाणी. जेमतेम साडेबारा लाख वस्तीच्या देशात तळ्यावर येणाऱ्यांचा आकडा चार लाखांच्या आसपास सांगितला जातो. आपण ज्या तिथीला माघ वद्य चतुर्दशी म्हणतो तीच त्यांच्या पूर्वजांच्या उत्तरी पंचांगात फाल्गुनातली; पण विषुववृत्ताच्या पलीकडे ती येते ऐन उन्हाळ्यात, वादळांच्या मोसमात. त्यामुळे दुपारचे भाजणारे डांबर आणि पठारावरची अचानक कोसळणारी सर ही दोन्ही वारसाहक्काने यात्रेकरूच्या वाट्याला येतात.

ही यात्रा १८९८ साली सुरू झाली, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते, आणि ते चूक नाही. पण नदी उगमापाशीच सुरू होते असे मानणारा कधी पाणलोट पाहायला जात नाही. या बेटावर डोंगराकडे पायी जाणे ही गोष्ट १८९८ च्या पुष्कळ आधीपासून घडत होती. फक्त ती कोणी करायची, कोणाच्या परवानगीने करायची आणि पकडले गेल्यास काय भोगायचे, हे वेळोवेळी बदलत गेले. या यात्रेचा खरा इतिहास मला त्या परवानग्यांच्या इतिहासात दिसतो. म्हणून आपण जरा मागे जाऊ.

बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ साली डच उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले, १६३८ मध्ये वसाहत केली, जावामधून ऊस आणि हरणे आणली, आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. जाताना ऊस, हरणे आणि रानात पळालेले काही गुलाम मागे राहिले. पुढे फ्रेंच आले. १७१५ साली त्यांनी बेट ताब्यात घेऊन त्याला ‘ईल द फ्रान्स’ हे नाव दिले आणि मादागास्कर व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला सुरुवात केली. हे गुलाम पळत, आणि पळत ते वर, दक्षिण-पश्चिमेच्या डोंगराळ रानात. अशा फरारी गुलामाला ‘मारों’ म्हणत. १७२३ च्या फ्रेंच राजाज्ञेने त्यांच्यासाठी शिक्षांची चढती पायरी घालून दिली होती: महिनाभर फरार राहिल्यास कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पळाल्यास गुडघ्यामागची शीर तोडायची, तिसऱ्यांदा मृत्यू. मधल्या शिक्षेचा नेम कशावर आहे ते पाहावे. मालकाला गुलाम कामासाठी जिवंत हवा होता, पण त्याचे चालणे नको होते. ग्राँ बासँच्या परिसरातल्या त्या रानाने पायी आलेली पहिली माणसे पाहिली ती बहुधा ही, आणि त्यांच्या मागावर सोडलेले शिकारी.

स्वतःच्या हौसेने चालणाराही एक भेटतो. ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या कादंबरीमुळे पुढे जगभर गाजलेला बर्नार्दँ द सँ-पिएर तेव्हा तरुण इंजिनियर म्हणून बेटावर होता. १७६९ साली त्याने बेटाभोवती पायी फेरी मारली आणि १७७३ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात निसर्गाइतकेच गुलामांच्या हालांवरही लिहिले. त्यानंतरचा पाहुणा आला तो कैदी म्हणून. ऑस्ट्रेलियाचा किनारा नकाशावर आणणारा इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स डिसेंबर १८०३ मध्ये गळक्या गलबतावरून या बेटावर उतरला आणि युद्धाच्या धामधुमीत फ्रेंच गव्हर्नरने त्याला अडकवून ठेवले. ही अटक १८१० पर्यंत, साडेसहा वर्षे चालली. काही काळाने त्याला पठारावरच्या एका मळ्यात राहण्याची मुभा मिळाली, आणि तिथून दोन लीगपर्यंत फिरण्याची. दिलेल्या वचनाच्या दोरीएवढ्या त्या वर्तुळात त्याने तळी, धबधबे, विवरे पाहून घेतली आणि ग्राँ बासँचीही नोंद केली. १८१० च्याच अखेरीस इंग्रजांनी बेट जिंकले. राज्य बदलले, परवाना मागण्याची सवय बदलली नाही.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. ऊस मात्र वाढत होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले होते. ते छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले, पाच वर्षांच्या करारावर आलेले. त्यांच्या मागोमाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बंदरात उतरली. त्यातली बहुसंख्य बिहार आणि पूर्व संयुक्त प्रांतातली, भोजपुरी बोलणारी. त्यानंतर मद्रास इलाख्यातली तमिळ आणि तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेली थोडी मराठी माणसे, मुख्यतः रत्नागिरी, सावंतवाडी आणि त्या पट्ट्यातली. उतरण्याचा तो धक्का आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. करार कागदावर स्वच्छ होता: मजुरी, शिधा, राहायला खोपटे. कागदाबाहेर ‘डबल कट’ नावाचा प्रकार होता. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. महिन्याच्या पाच रुपयांतून असे कापत गेले म्हणजे काय उरत असेल, याचा हिशेब वेगळा मांडायला नको.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मजुरीपेक्षाही महत्त्वाचा होता तो भटकेपणाचा कायदा. करार संपल्यावर मायदेशी न जाता बेटावर राहिलेल्या माणसाला ‘जुना आप्रवासी’ म्हणत. तो आता कोणाचाच बांधील नव्हता, म्हणून मळेवाल्यांना तो सर्वांत जास्त खुपे. १८६७ च्या कायद्याने त्याच्यावर ओळखपत्र आणि पोलिसांचा पास बाळगण्याची सक्ती झाली, आणि त्या कागदावर स्वतःच्या खर्चाने काढलेले छायाचित्र लावण्याचीही. कागद घरी राहिला, हरवला किंवा जिल्हा ओलांडताना दाखवता आला नाही, की तो ‘भटक्या’ ठरून कोठडीत जाई. ठराविक दिवशी पोलीस अशा माणसांच्या शोधासाठी रस्त्यांवर उतरत. त्याला उघडपणे शिकार म्हटले जाई. ती छायाचित्रे आजही मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात आहेत आणि मॉरिशसची माणसे आपल्या पणजोबांचा चेहरा तिथे शोधायला जातात. ज्या कागदाने चालणे अडवले त्याच कागदाने आता कूळ सापडते, हा इतिहासाचा जरा तिरकस न्याय आहे. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका युरोपीय मळेवाल्याने या छळाविरुद्ध अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जुन्या आप्रवाशांच्या सह्या होत्या. पोर्ट लुईच्या गोऱ्या समाजाने त्याला भर रस्त्यात मारहाण केली, पण अर्ज लंडनपर्यंत पोहोचला. १८७२ मध्ये राजाज्ञेने आयोग नेमला गेला आणि १८७५ च्या त्याच्या अहवालानंतर कायदा पुष्कळ सैल झाला. काँवरीच्या इतिहासात द प्लेव्हित्झचे नाव कोणी घेत नाही. घ्यायला हवे, असे मला वाटते. कारण बेट उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत चालत ओलांडायचे, तर आधी तसे चालल्याबद्दल तुरुंगात जावे लागू नये एवढी तरी सोय लागते.

याच काळात बेटावर एक सामूहिक पदयात्रा आपोआप सुरू झाली होती आणि तिचे दैवत होते एक फ्रेंच पाद्री. झाक देझिरे लाव्हाल हा नॉर्मंडीतला डॉक्टर पुढे धर्मोपदेशक होऊन १८४१ साली मॉरिशसला आला आणि नुकत्याच सुटलेल्या गुलामांत त्याने आयुष्य काढले. ९ सप्टेंबर १८६४ रोजी तो वारला. पोर्ट लुईजवळच्या सँत-क्रुआ येथल्या त्याच्या कबरीकडे तेव्हापासून दरवर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री माणसे चालत जातात. ख्रिस्ती जातात, तसे हिंदू, मुसलमान, चिनीही जातात. रोमने त्याला १९७९ मध्ये धन्य घोषित केले, पण मॉरिशसच्या लोकांनी रोमची वाट पाहिली नव्हती. रात्रीचे चालणे, वाटेवर पाणी घेऊन उभी राहणारी कुटुंबे, पहाटे पोहोचणे, हे सगळे काँवरी निघण्याच्या तीन दशके आधी या बेटाने पाहिले होते. भोजपुरी मजुरांनी ते सँत-क्रुआवरून उचलले असे म्हणण्याला आधार नाही. त्यांना त्यांची स्वतःची वाट ठाऊक होती. पण रात्री झुंडीने चालणारी माणसे म्हणजे बंड नव्हे, हे गोऱ्या अंमलदारांच्या डोळ्यांना पहिल्यांदा सवयीचे झाले असेल ते याच रस्त्यावर.

आता आपण त्रिओलेला येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव घसरले आणि मळेवाल्यांनी कडेच्या, कमी पिकणाऱ्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. विकत घेणारे होते जुने आप्रवासी: गाय पाळून, भाजी लावून, पै-पै साठवून ठेवलेले. मळ्याच्या चाळीतून, ज्याला तिथे ‘कॅम्प’ म्हणत, माणसे स्वतःच्या गावात आली. गाव आले की देऊळ येते. परंपरा सांगते की पंडित संजीबनलाल नावाचे गृहस्थ आपला पहिला करार पुरा करून रियुनियनमार्गे १८६६ मध्ये मॉरिशसला परतले, त्रिओलेतल्या एका गोऱ्या मालकाच्या इमारतीचे त्यांनी मंदिर केले आणि भारतातून शिवलिंग आणवले. हेच पुढे महेश्वरनाथ मंदिर म्हणून वाढले. बेटावरच्या सर्वांत मोठ्या देवळांत त्याची गणना होते. तिथले पुजारी झुम्मन गिरी गोसाईं. ‘गिरी’ हे दशनामी संन्याशांचे उपनाम आपल्याकडच्या गोसाव्यांमुळे परिचित आहे. फिरणे, वाटेवरचे तीर्थ ओळखणे आणि ओळखलेल्या जागी धुनी लावणे हा या पंथाचा जुना उद्योग. अशा माणसाला १८९७ साली स्वप्न पडले. दक्षिणेकडच्या रानातल्या तळ्याचे पाणी जान्हवीतून उसळत आहे, ते गंगेचेच पाणी आहे, असे त्याने पाहिले. मोहनप्रसाद नावाच्या गृहस्थालाही असेच दिसले, असे सांगतात. बातमी गावोगाव पसरली आणि पुढल्या वर्षी, १८९८ मध्ये, एक लहानसा जथा महाशिवरात्रीचे पाणी आणायला ग्राँ बासँकडे निघाला.

स्वप्नावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ते पडण्याची वेळ विलक्षण अचूक होती. पहिल्या पिढीच्या मनात परतीचे जहाज होते. गंगा होती तिथे होती, आणि म्हातारपणी जाऊन पाहता येईल अशी आशा होती. १८९७ पर्यंत बेटावर जन्मलेली पिढी कर्ती झाली होती, जमीन नावावर लागली होती, आणि परत जाणारे थोडेच उरले होते. शिवाला वाहायला गंगाजल तर हवेच. मग गंगेलाच समुद्र ओलांडायला लावण्यावाचून मार्ग नव्हता. शिव गंगा मस्तकावर घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करत असता तिचे काही थेंब या बेटावर सांडले, ही कथाही मग तळ्याशी जोडली गेली. त्याआधी तिथे पऱ्या उतरतात अशी समजूत होती, आणि परी तलाव हे नाव पुढे बराच काळ टिकले. नवा देव आला म्हणून जुन्या पऱ्यांना कोणी हुसकले नाही.

पाणी वाहून नेण्याची पद्धत त्यांनी घरून आणली होती. बिहारमध्ये सुलतानगंजला गंगेचे पाणी घेऊन सुमारे शंभर किलोमीटरवरच्या देवघरच्या वैद्यनाथाला ते अनवाणी चालत जाऊन घालण्याची रीत जुनी आहे. आपल्याकडे चैत्रात शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून दोरखंडांच्या आधाराने कावडी चढवल्या जातात, त्याच जातीचे हे व्रत. फरक दिशेचा. सुलतानगंजचा यात्रेकरू नदीवरून निघून ज्योतिर्लिंगापाशी थांबतो. मॉरिशसचा यात्रेकरू घरून निघून पाण्यापाशी जातो आणि पुन्हा गावाच्या शिवाल्यात येतो, कारण शिवरात्रीच्या चार प्रहरांची पूजा गावातच व्हायची असते. म्हणजे तळे हा मुक्काम अर्ध्या वाटेवरचा. त्रिओलेहून जाऊन-येऊन शंभर किलोमीटरचा हा प्रवास होतो. आगगाडी १८६४ पासून बेटावर धावत होती, तरी ती माणसे चालली. पाय चालवण्याचा हक्क नुकता हाती आला होता, तो वापरला नाही तर तो आहे हे कळायचे कसे?

पुढची पन्नास वर्षे यात्रा वाढली, पण दप्तरात तिची फारशी खूण नाही. सरकारला ती दखल घेण्याजोगी वाटली नाही आणि तिचे तिला बरेच झाले. दरम्यान गांधीजी १९०१ मध्ये जहाज थांबले म्हणून बेटावर उतरले, त्यांच्या सांगण्यावरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर १९०७ मध्ये आले, आणि १९०९ मध्ये ‘डबल कट’ बंद झाला. १२ डिसेंबर १९४३ रोजी बासदेव बिसुनदयाल यांनी पोर्ट लुईत महायज्ञ भरवला तेव्हा गावोगावची हजारो माणसे पायीच राजधानीत आली. देवाच्या नावाने चालणाऱ्या गर्दीला आपले बळ किती आहे याचा अंदाज त्या दिवशी आला असावा. पाच वर्षांनी मतदानाचा हक्क रुंदावला आणि त्याच गावांनी विधिमंडळाचा तोंडवळा बदलला. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला.

त्यानंतर यात्रेला राज्याश्रय मिळाला. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्या काळात, १९७२ मध्ये, गोमुखाहून आणलेले गंगाजल विधिपूर्वक तळ्यात मिसळले गेले आणि परी तलावाचा गंगा तलाव झाला. गोसाव्याच्या स्वप्नाला पाऊणशे वर्षांनी मिळालेली ही सरकारी पावतीच. १९९८ मध्ये तळे पवित्र म्हणून घोषित झाले. काठावर देवळे उभी राहिली आणि तिथल्या लिंगाला तेरावे ज्योतिर्लिंग म्हणण्याची प्रथा पडली. यावर मराठी वाचकाने भुवई उंचावू नये. बारांपैकी पाच आपल्याच राज्यात आहेत असे आपण मानतो, आणि परळी व औंढ्याबद्दल इतर प्रांतांशी वादही घालतो. २००७ मध्ये वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातल्या शिवमूर्तीच्या धर्तीवर तेहतीस मीटर उंचीचा मंगल महादेव रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला. दहा वर्षांनी त्याच्यासमोर तेवढीच उंच दुर्गा आली. मला स्वतःला हा बदल तितकासा रुचत नाही. वाट चढून गेल्यावर झाडीतून पाणी दिसावे हा त्या जागेचा मूळ स्वभाव. आता मैलभर आधीपासून मूर्ती दिसते आणि तळे तिच्या मागे राहते. मोटारीने येणाऱ्यासाठी ही रचना सोयीची आहे.

एक गोष्ट मात्र राज्याश्रयानेही बदलली नाही. ही यात्रा मुळात भोजपुरी घरांची. तमिळ घरांची थैपूसमची कावडी वेगळी, तिचा रस्ता मुरुगनच्या देवळाकडे जातो. मराठी घरांचा मोठा सण गणेशचतुर्थी. ती मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे, आणि कोकणातून गेलेले जाखडी नाचाचे फेर तिथे अजून धरले जातात. पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावात विठ्ठल-रखुमाईचे देऊळ आहे, पण आषाढीला बेट ओलांडणारी वारी तिथे उभी राहिली नाही. संख्या थोडी, हे कारण उघड आहे. शिवाय वारीला चंद्रभागा लागते, आणि कोकणी मजुरांपैकी कोणाला तसे स्वप्न पडल्याचे ऐकिवात नाही. शिवरात्रीच्या वाटेवर मात्र ही सरमिसळ होते. पांढऱ्या कपड्यांतला माणूस कोणत्या बंदरातून आलेल्याचा पणतू आहे, असे पाणी, फळे, चहा देणारा विचारत नाही, आणि देणाऱ्यांत गुलामांच्या वंशातले क्रिओल आणि मुसलमान शेजारीही असतात.

काँवरीचे रूप बदलत गेले ते याच वाटेवर. जुनी काँवर म्हणजे बांबूची काठी, दोन टोकांना पाण्याची भांडी, वर रंगीत कागद, आरशाचे तुकडे, घुंगरू. एका माणसाने एका खांद्यावर नेण्याजोगी. मग गावातल्या तरुण मंडळांनी एकत्र येऊन लाकूड-बांबूचे मखर करायला सुरुवात केली. मखराला चाके आली, चाकांवर मजले चढले, मूर्ती आल्या, विजेचे दिवे आणि ते पेटवायला जनित्र आले. आठवडे खपून गाव ते उभारते, पुढेमागे वीस-तीस माणसे ढकलतात, आणि अरुंद रस्त्यावर त्याच्या मागे मोटारींची रांग लागते. मार्च २०२४ मध्ये, शिवरात्रीच्या काही दिवस आधी, उत्तरेकडच्या एका वस्तीत असे एक मखर वरून जाणाऱ्या वीजतारांना लागून पेटले आणि सहा जण मरण पावले. उंच काँवरींविषयी कुरबूर आधीपासून होती. त्यानंतर उंची-रुंदीवर मर्यादा घालण्याचा विषय सरकार, पोलीस आणि मंदिरांच्या संघटना यांच्यात गांभीर्याने आला. यात्रेकरूंतच दोन तट आहेत. जुने लोक म्हणतात, खांद्यावर येईल तेवढीच काँवर खरी. मंडळांतली मुले म्हणतात, गावाने मिळून केलेली सेवा फूटपट्टीने का मोजायची? माझे मत पहिल्यांच्या बाजूचे आहे, कारण ढकलण्याच्या गाड्याने परतीचे पाणी आणता येत नाही. तो तळ्यावर पोहोचला की काम संपते आणि मुले बसने घरी येतात. परतीची वाट पायी तुडवून चार प्रहरांच्या पूजेला गावात घागर आणणारे आता कमी झाले आहेत. आणि एके काळी ज्याच्या खिशातला कागद तपासला जाई त्याच्या पणतूची काँवर आता मोजली जाते, तेव्हा त्याला राग येतो हे समजण्यासारखे आहे, जरी या वेळी मोजणाऱ्याचे म्हणणे रास्त असले तरी.